गावाची बागायत: घोडपदेवमधल्या एका खोलीचं प्रकरण

मुंबईत, घोडपदेवच्या एका जुन्या चाळीत, दुसऱ्या माळ्यावर, जिन्यापासून तिसरी खोली आमच्या गावाची आहे. कोणा एकाची नाही, गावाची. दहा बाय बारा, आत मोरी, वर लाकडी पोटमाळा, बाहेर सामाईक गॅलरी. १९५०च्या दशकात गावातल्या माणसांनी वर्गणी काढून पागडी भरली आणि खोली घेतली. भाडेपावती मात्र कुणातरी एकाच्या नावाने करावी लागते, म्हणून ती त्यांच्यातल्या वडीलधाऱ्या आणि सही करता येणाऱ्या माणसाच्या नावाने झाली. सगळे त्यांना पावतीवाले नाना म्हणत. नाना जाऊन बरीच वर्षं झाली. आता चाळ पुनर्विकासाला निघाली आहे. खोलीच्या बदल्यात तीनशे चौरस फुटांचं घर मिळणार आहे, आणि ते कोणाच्या नावावर करायचं यावरून गावात आणि मुंबईत दोन वर्षं बोलणी चालली.

गावाच्या मुंबईतल्या मंडळाने मला याचं टिपण करायला सांगितलं, कारण मी कॉलेजात भूगोल शिकवतो आणि माझा आजा याच खोलीत एकवीस वर्षं राहिला. नुसत्या वादाचं टिपण दोन पानांत झालं असतं. पण लिहायला बसल्यावर लक्षात आलं, की आमच्या खोऱ्याचा उतार, पाऊस आणि धरण कळल्याशिवाय ही खोली कळत नाही. आणि खोली वगळून खोऱ्याचं पोट कशावर चाललं हेही सांगता येत नाही. म्हणून हे लांबलं. गावाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. वाद घरातला आहे.

उतारावरचं गाव

गाव जावळी तालुक्याच्या पश्चिम अंगाला, बामणोलीच्या बाजूला, शिवसागर जलाशयाच्या वरच्या उतारावर आहे. पावसाच्या हिशोबात सातारा हा एक जिल्हा नाहीच. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि शंभरेक किलोमीटर पूर्वेला, माण तालुक्यात, पाचशेच्या आसपास. माणची माणसं दुष्काळामुळे घर सोडतात हे सगळ्यांना पटतं. आम्ही का सोडतो, हे समजावून सांगावं लागतं.

आमच्याकडे वर जांभ्याचे सपाट सडे आहेत. त्यातला कासचा सडा आता फुलांमुळे सगळ्यांना माहीत झालाय. त्याची उंची १,२०० मीटरच्या आसपास. सड्याखाली काळ्या बेसॉल्टचे उभे उतार, आणि तळाला कोयना, सोळशी, कांदाटी या नद्यांच्या काठची चिंचोळी सपाटी. सड्यावर पडलेलं पाणी जांभ्यात मुरतं, खाली कठीण खडक लागला की आडवं सरकतं आणि दोन खडकांच्या सांध्यावर झरा होऊन बाहेर येतं. गावाचं पिण्याचं पाणी अशाच एका झऱ्याचं. पण जांभ्याचा थर पातळ, त्यात साठा थोडा. बाकीचा सगळा पाऊस तासाभरात ओढ्याने खाली. एप्रिल संपता संपता झऱ्याची धार करंगळीएवढी होते आणि बायका पहाटे तीनला हंडे नंबराला लावतात. खाली, नजरेच्या टप्प्यात, पन्नास किलोमीटर लांबीचा जलाशय पसरलेला असतो. तो उपसून वर आणायचा तर विजेचं बिल भरणार कोण, हा प्रश्न ग्रामपंचायतीच्या प्रत्येक बैठकीत येतो.

शेती दोन प्रकारची. खाचरात भात, आणि उतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी, वरी. वरकस जमीन दोन-तीन वर्षं पिकवली की माती धुऊन जाते; मग ती काही वर्षं पडीक टाकावी लागते. म्हणजे सातबारावर ज्याचे दहा एकर दिसतात, तो कोणत्याही एका वर्षी दोन-तीन एकरांवरच जगत असतो. सरकारी आकड्यांत डोंगरातली जमीनधारणा मोठी दिसते ती या पडीक रानामुळे. हे मी मुलांना दर वर्षी सांगतो, कारण पुस्तकातलं कोष्टक वाचून कोणालाही वाटेल की जावळीचा शेतकरी बरा आहे. आजा सांगायचा, घरचं धान्य संक्रांतीनंतर फार दिवस पुरत नसे.

जी थोडी चांगली जमीन होती ती नदीकाठची खाचरं, आणि ती कोयना धरणाने घेतली. काम १९५०च्या दशकात सुरू झालं, पुढच्या दशकाच्या सुरुवातीला पाणी अडलं. साठा १०५ टीएमसीचा (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट). सुमारे शंभर गावांना त्याची झळ बसली. माणसं ठाणे, रायगड, सोलापूर, सांगलीकडे पांगली. आमच्यासारखी काही गावं उतारावर वर सरकली. घरं राहिली, खाचरं गेली, आणि नदीकाठाने मेढ्याच्या, म्हणजे तालुक्याच्या गावाच्या, बाजूला जाणारी पायवाट गेली. पलीकडच्या काठाला जायला लाँच आली.

धरणातलं पाणी पूर्वेला कृष्णेत जातं, तसंच मोठ्या प्रमाणात बोगद्यांमधून पश्चिमेला वळवून कड्याखाली पोफळीला नेतात. कृष्णा पाणीवाटप लवादाने त्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. साडेचारशे मीटरहून जास्त उंचीवरून ते पाणी पडतं, वीज होते, आणि पाणी वाशिष्ठीतून अरबी समुद्राला मिळतं. वीज मुंबईकडे गेली. तिच्यामागून माणसं गेली असं म्हणणं अर्धवट होईल, कारण आमची माणसं धरणाआधीपासूनच मुंबईत होती. पण खाचरं गेल्यावर ज्या घरातला एक माणूस जात होता, त्यातले दोन जायला लागले.

११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला आणि पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. वीजकेंद्र बंद पडलं, मुंबईत अंधार झाला. खोलीतली माणसं रात्रपाळीहून येऊन नुकती आडवी झाली होती. आजा म्हणायचा, इतरांना वाटलं फ्यूज गेला. आम्हाला मात्र दिवा गेला की गाव आठवायचं, कारण दिवा तिथूनच यायचा. त्या दिवशी कोणी कामावर गेलं नाही. तार करायला सगळे टपाल कचेरीत उभे होते, आणि ज्या गावाला तार करायची तिथे तारही पोचत नव्हती.

खोलीचा कायदा

खोलीच्या तीन वह्या उरल्या आहेत. सगळ्यात जुनी वही १९६०च्या दशकातली, शेवटची १९९०च्या आसपास थांबते. त्यांत हजेरी, वर्गणी आणि भिशीचा हिशोब आहे. अभ्यासक म्हणून मला मिळालेला हा सगळ्यात मोलाचा कागद.

भर असायची तेव्हा खोलीत पंचवीसेक माणसं राहत. प्रत्येकाला भिंतीत एक खुंटी आणि पोटमाळ्यावर एक पत्र्याची पेटी, त्यापेक्षा जास्त जागा नाही. दिवसपाळीवाले उठले की त्यांच्या जागी रात्रपाळीवाले झोपत. उन्हाळ्यात निम्मे गॅलरीत. जेवण शेजारच्या चाळीतल्या खानावळवाल्या मावशींकडे. गावाहून नवा पोरगा आला की पहिले दोन महिने त्याच्याकडून भाडं घ्यायचं नाही. आजारी पडला तर त्याची खानावळ खोलीने भरायची. मेला तर त्याला गावी न्यायचा खर्च खोलीचा. महिन्याच्या पहिल्या रविवारी बैठक. बाईमाणसाने खोलीत राहायचं नाही, हाही कायदाच होता. तो कोणी लिहिलेला नाही, पण तीस वर्षांच्या वह्यांत एकाही बाईचं नाव सापडत नाही.

कामं मशीद बंदर, भात बाजार, चिंचबंदर, दाणाबंदर आणि गोदी इथली. डोंगरातल्या माणसाला पाठीवरचं ओझं नवं नव्हतं. नवी होती ती शंभर किलोची गोणी आणि अरुंद फळी. काम टोळीने चाले आणि टोळीतली जागा काका पुतण्याला, मामा भाच्याला देई. म्हणजे मुंबईत गावाच्या मालकीच्या दोन गोष्टी होत्या: खोली आणि टोळी. दोन्हींचा कागद नीट नव्हता, आणि दोन्ही पिढ्यान्‌पिढ्या चालल्या.

१९६९ साली माथाडी, म्हणजे ओझी वाहणाऱ्या कामगारांचा, कायदा झाला. त्यामागे अण्णासाहेब पाटलांची चळवळ होती, आणि ते आमच्याच जिल्ह्यातल्या पाटणच्या मुलखातले. व्यापाऱ्याने मजुरी माथाडी मंडळाकडे भरायची, वर लेव्ही, म्हणजे मजुरीवर ठरावीक जादा रक्कम, द्यायची, आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, बोनस, रजा. या कायद्याबद्दल पुष्कळ बोललं जातं, मी फक्त वहीत काय दिसतं ते सांगतो. आधीच्या पानांवर वर्गणी कधी चार आणे, कधी रुपया, कधी कोरी जागा. माथाडी मंडळाचा पगार सुरू झाल्यावर रकाने सलग भरत जातात. त्याच सुमाराला खर्चाच्या बाजूला नव्या नोंदी येतात: शाळेचे पत्रे, झऱ्याला सिमेंटची टाकी, बाळंतिणीला लाँचने मेढ्याच्या वाटेला लावायचा खर्च. डोंगरातल्या गावाचं जवळजवळ सगळं सार्वजनिक काम घोडपदेवच्या या दहा बाय बारामधून झालं, आणि ते सरकारी कोणत्याच नोंदीत नाही.

मला सगळ्यात जास्त खिळवून ठेवलं ते हजेरीच्या पानांनी. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून निम्म्या नावांपुढे एकच शेरा: ‘लावणीला गावी’. दिवाळीच्या आगेमागे ‘कापणीला’. चैत्र-वैशाखात ‘यात्रेला’. पावसाला उशीर झाला तर शेरेही आठ-दहा दिवस उशिरा येतात. मुंबईतल्या एका चाळीच्या वहीत सह्याद्रीचा मोसमी पाऊस नोंदला गेला आहे. या माणसांना स्थलांतरित म्हणायला मला आता जड जातं. त्यांनी शेत सोडलं नव्हतं. त्यांच्या शेताचा एक तुकडा मुंबईत होता, एवढंच.

हे माझ्याआधी तात्यांनी सांगितलं. ते खोलीतले शेवटच्या दोघांपैकी एक. पहिल्या बैठकीत कोणीतरी म्हणालं, खोली म्हणजे नुसती झोपायची जागा होती. तात्या म्हणाले, “आरं, आपलं समदं रान जिरायत. बागायत म्हणून गावाला येवढीच एक खोली. हिला बारा म्हयनं पाणी हुतं.”

बागायत आटली कशी

घाऊक बाजार ८० आणि ९०च्या दशकांत टप्प्याटप्प्याने नवी मुंबईला, वाशी-तुर्भ्याला गेले. टोळ्या त्यांच्यामागे गेल्या. माथाडींसाठी कोपरखैरणे, घणसोलीला घरं झाली आणि ज्याला घर मिळालं त्याने बायकापोरं आणली. ही चांगलीच गोष्ट झाली. आजीने लग्नानंतरची वर्षं नवऱ्याशिवाय काढली होती. माझ्या आईला तसं करावं लागलं नाही. पण अर्थव्यवस्था म्हणून बघितलं तर इथे एक गाठ सुटली. खोलीत राहणारा माणूस खाणं वजा जाता उरलेलं सगळं गावाला पाठवायचा, कारण त्याचं कुटुंब तिकडे होतं. घणसोलीच्या घरात राहणाऱ्याचा पैसा मुलाच्या फीला आणि घराच्या हप्त्याला जातो. पगार वाढला आणि गावाला जाणारा पैसा घटला, एकाच वेळी.

१९८२च्या गिरणी संपाचा धक्का आमच्या गावाला कमी बसला, कारण गिरणीत माणसं थोडी. खानावळवाल्या मावशींना मात्र तो पुरता बसला, आणि खोलीचं जेवण त्यानंतर कधी पूर्वीसारखं झालं नाही.

गावाकडेही जमीन बदलत होती. १९८५ला कोयना अभयारण्य झालं, २०१०ला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, २०१२ला कास जागतिक वारशात गेलं. शेत कसायला माणूस नाही म्हटल्यावर रान वाढलं, रान वाढल्यावर गवे आणि डुकरं आली, आणि डुकरं आल्यावर ज्यांची कसायची इच्छा होती त्यांनीही नाचणी सोडली. आता तापोळा-बामणोलीला पर्यटक येतात, आमच्याच दोन मुंबईकरांनी गावात राहण्या-जेवणाची सोय काढली आहे, आणि नवीन महाबळेश्वर या गिरिस्थान प्रकल्पाच्या आराखड्यात २३५ गावांची चर्चा सुरू झाल्यापासून जमिनीला गिऱ्हाईक फिरतंय. यातून गावाचं काय होईल हा मोठा विषय आहे. इथे त्याचा संबंध एवढाच, की घोडपदेवच्या खोलीची किंमत किती यापेक्षा गावातल्या तुकड्याची किंमत किती, याकडे तरुणांचं लक्ष जास्त होतं.

वाद

चाळ १९४०च्या आधीची, उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी. अशा इमारतींच्या पुनर्विकासात भाडेकरूला किमान तीनशे चौरस फूट चटई क्षेत्राचं घर फुकट मिळतं. विकासकाला भाडेकरू म्हणजे ज्याच्या नावाची पावती तो. नाना वारल्यावर पावती तशीच राहिली. भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे भाडेकरू गेल्यावर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबातल्या माणसाला हक्क मिळतो, आणि तसा कोणी नसेल तर वारसांना. नानांसोबत राहत होतं ते सगळं गाव. कायद्याच्या व्याख्येत ते कुटुंब नव्हे. मग उरले वारस: घणसोलीला राहणारा नातू आणि नानांच्या दोन मुली.

नातवाबद्दल गावात बरंच वेडंवाकडं बोललं गेलं, म्हणून हे नोंदवून ठेवतो. मी त्याला भेटलो तेव्हा तो म्हणाला, “काका, कायद्यानं ते आमचं आहे, हे मला वकिलानं सांगितलं. मला ते हवंय असं मी अजून कोणाला म्हटलेलं नाही. मला कोणी विचारलंच नाही.” खरंच कोणी विचारलं नव्हतं. मंडळाने आधी नोटीस काढली आणि मग बोलायला गेलं. ही आमची चूक. त्याहून मोठी चूक म्हणजे सत्तर वर्षांत मंडळाची नोंदणीच केलेली नव्हती. विश्वासावर चालतंय तोवर कागद नको वाटतो, पण विश्वास ठेवणारी माणसं मरतात आणि कागद उरतो.

बैठकांत तीन मतं होती. एक, घर विकून पैसे वाटून घ्यायचे. हे ऐकायला सोपं, पण वाटायचे कोणाला? वहीतल्या मूळ वर्गणीदारांच्या वारसांची यादी करायला घेतली तर ती तिसऱ्या पिढीपर्यंत जाऊन इतकी लांबली, की प्रत्येकाच्या वाट्याला येणाऱ्या रकमेत घोडपदेवपासून गावापर्यंतचा प्रवास आणि दोन दिवसांचं जेवण झालं असतं. दुसरं, विकून गावच्या भैरवनाथाच्या देवळाला नवा सभामंडप. याला मी उघड विरोध केला आणि त्यामुळे काही जण माझ्याशी अजून नीट बोलत नाहीत. देवळाला माझा विरोध नाही. माझ्या आज्याच्या वर्गणीचं नाव त्याच्या पायरीवर आहे. पण बारमाही उत्पन्नाचं रान विकून एकदाच सण करायचा, हे आमच्या आज्या-पणज्यांनी केलं नसतं. तिसरं मत, घर ठेवायचं. पण कशासाठी? टोळ्या वाशीला, माणसं घणसोली-कामोठ्याला. घोडपदेवला राहायला जाणार कोण? याला आमच्यापैकी कोणाकडेच उत्तर नव्हतं, आणि बैठक दर वेळी तिथेच अडायची.

उत्तर मुंबईत नव्हतंच. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी बैठक गावात, देवळासमोर घेतली, कारण मुंबईकर सगळे तिथे आलेले. बायका नेहमीसारख्या कडेला बसल्या होत्या. वर्गणीदारांची यादी वाचून झाल्यावर आक्का उठल्या. सत्तरी पार केलेल्या, नवरा तीस वर्षं खोलीत, आणि त्या तीस वर्षं शेतात.

“त्येंनी म्हैन्याला किती दिलं त्याची वही हाय. बरं हाय. ते तिकडं असताना नाचणी कुणी कापली, सासू-सासऱ्याचं कुणी केलं, गुरं कुणी राखली, त्याची वही कुठाय? ती वही काढा, मंग मालक कोण ते बोला.”

कोणी बोललं नाही. मग त्यांनीच पुढे सांगितलं. त्यांची नात परिचारिकेचं शिक्षण घ्यायला मुंबईत आहे आणि एका खोलीत पाच जणींबरोबर भाडं देऊन राहते. गावातले एक काका कॅन्सरच्या उपचारांना गेले तेव्हा परळच्या एका मोठ्या रुग्णालयाबाहेर फुटपाथवर अकरा रात्री झोपले, कारण घणसोलीहून रोज पहाटे पोचणं जमत नव्हतं आणि नातेवाइकांच्या एका खोलीत जागा नव्हती. “मुंबईला कोण जातंय म्हणता? पोरी जात्यात, आन् आजारी माणूस जातंय. हमाल गेलं म्हणून मुंबई संपली का?”

मी वीस वर्षं स्थलांतर शिकवतोय. ओझी उचलणारा पुरुष माझ्या नकाशावर होता. त्याच्यानंतर त्याच वाटेने कोण निघालं, हे मी बघितलं नव्हतं. खोलीत बाई राहत नव्हती, म्हणून बाईचा खोलीवर हक्क नाही, असं आम्ही सगळ्यांनी धरलं होतं. पण पुरुषाला खोलीत राहता आलं ते घरची शेती बाईने ओढली म्हणून. पागडीतला अर्धा पैसा तिचाच होता.

त्यानंतर गोष्टी लवकर झाल्या. मंडळाची धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी केली, आणि कार्यकारिणीत पहिल्यांदा बायका आल्या. नातू आणि नानांच्या दोन्ही मुली यांच्याशी बोलायला नोटीस न काढता आक्का आणि तात्या स्वतः गेले. नातवाने सही केली. थोरल्या आत्यांची एकच अट होती: नव्या घराच्या दारावर नानांचं नाव लागलं पाहिजे. घरमालकाच्या संमतीने आणि त्याचा मोबदला भरून भाडेहक्क मंडळाच्या नावावर करून घेतला. ती रक्कम जमवायला पुन्हा वर्गणी निघाली, आणि या वेळी यादीत बायकांची नावं त्यांच्या स्वतःच्या नावाने आहेत. नवं घर शिकणाऱ्या मुलींसाठी आणि उपचाराला येणाऱ्यांसाठी राहील असा ठराव झाला.

सगळं सुटलं असं नाही. खोलीतले शेवटचे दोघे, त्यांचं काय करायचं याचा ठरावात शब्दही नव्हता. एक गावी गेले. तात्या जायला तयार नाहीत. पंचावन्न वर्षं ते त्या खुंटीखाली झोपले. ते सध्या घणसोलीला पुतण्याच्या स्वयंपाकघरात झोपतात आणि दर रविवारी घोडपदेवला येऊन चाळीसमोरच्या टपरीवर बसतात. नव्या घरात एक खाट त्यांच्यासाठी ठेवावी असं मी मांडलं आहे. मुलींच्या राहण्याच्या जागी म्हातारा पुरुष कसा, असा प्रश्न आला, आणि तो योग्यही आहे. यावर अजून बैठक व्हायची आहे.

इमारत उभी राहीपर्यंत विकासक दरमहा भाडं देतो. त्यातून मंडळाने काळाचौकीला दोन खोल्यांची जागा घेतली आहे. तिथे सध्या तीन मुली राहतात, आणि बाहेरच्या खोलीत उपचाराला आलेलं कोणी ना कोणी असतं. मी त्यांना नवी वही नेऊन दिली, रकाने जुन्या वहीसारखेच आखून. पहिलं नाव आक्कांच्या नातीचं. गेल्या पावसाळ्यात वही बघायला गेलो तर जुलैच्या पानावर तिच्या नावापुढे दोन दिवसांची रजा होती आणि शेऱ्याच्या रकान्यात, कोणी न सांगता, निळ्या शाईने लिहिलेलं होतं: लावणीला गावी.